मणक्याची शस्त्रक्रिया : दोन मते आणि रजेचा प्रश्न

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ओळखला जाणारा बंगळूरचा एचएसआर लेआउट हा भाग आज संगणक व्यवसायाचे एक मोठे केंद्र बनला आहे. येथे दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत बसणारे अभियंते आहेत, त्यांच्या घरी जेवण व किराणा पोहोचवणारे दुचाकीस्वार आहेत आणि होसूर रस्त्यापलीकडे बोम्मनहळ्ळीच्या कपडा कारखान्यांत शिवणयंत्रावर वाकून बसणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. या तिन्ही वर्गांचे वेतन एकमेकांशी जुळत नाही, परंतु जुनाट कंबरदुखी मात्र तिघांच्याही वाट्याला येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे.

दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊ लागतो. एमआरआयची तीच फिल्म पाहून एक शल्यविशारद मणके स्क्रूने जोडण्याचा सल्ला देतो, तर दुसरा डॉक्टर व्यायाम करून थांबण्यास सांगतो. दोघांपैकी एक तरी लबाड किंवा अडाणी असला पाहिजे, असा निष्कर्ष रुग्णाचे कुटुंब काढते. हा निष्कर्ष घाईचा आहे. मतभेदाची कारणे अधिक खोलवर आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय निवड करता येणार नाही.

पहिले कारण फिल्ममध्येच आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांमधील गादी फुगलेली आढळली. म्हणजे गादी झिजलेली वा सरकलेली दिसणे हा दुखण्याचा पुरावा नव्हे. कंबरदुखीच्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत दुखण्याचे एकच निश्चित कारण सापडत नाही. फिल्ममधील दोष आणि रुग्णाची कळ एकाच नसेशी जुळतात काय, हे हातांनी तपासूनच ठरवावे लागते.

दुसरे कारण असे की दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली येतात. गादीने नस दाबल्यामुळे पायात उतरणारी सायटिकाची कळ हे एक दुखणे आणि केवळ कंबरेत राहणारी जुनाट वेदना हे दुसरे. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच होती. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांची टळली.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेबाबतचा वाद याहून बोधप्रद आहे. २००१ साली स्वीडनमधील २९४ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया सरस ठरली. २००५ साली ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या चाचणीत मात्र ती सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. परंतु स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेची तुलना नेहमीच्या फिजिओथेरपीशी होती, तर ब्रिटनमध्ये आठवड्याचे पाच दिवस असा तीन आठवडे चालणाऱ्या सखोल व्यायाम-कार्यक्रमाशी. म्हणून रुग्णाने प्रत्येक डॉक्टरला विचारावयाचा मुख्य प्रश्न हा, की शस्त्रक्रिया कशाच्या तुलनेत चांगली?

येथेच हा प्रश्न वैद्यकशास्त्राची हद्द ओलांडून श्रमाच्या अटींशी येऊन भिडतो. तीन आठवडे रोज व्यायामाला जाण्याची सवड कोणाला आहे? ऑर्डरमागे पैसे मिळणाऱ्या दुचाकीस्वाराला काम नाही त्या दिवशी मिळकत नाही. संगणक कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात पुढे आला होता आणि त्यांच्या संघटनेला त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. शिवाय बहुतेक आरोग्य विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, परंतु महिनोन्महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीचा देत नाहीत. खाजगी रुग्णालयाची कमाईही शस्त्रक्रियेत आहे, थांबण्याच्या सल्ल्यात नाही. अशा रीतीने प्रामाणिक डॉक्टरसुद्धा ज्या तराजूने तोलतो, त्याचे एक पारडे आधीच जड झालेले असते. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डॉक्टरांनीच या दबावाची साक्ष दिली आहे.

याचा अर्थ शस्त्रक्रिया हे सदैव थोतांड आहे असा नाही. लघवी अडणे वा तिच्यावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भाग व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठले पाहिजे. तेथे दुसरे मत शोधत दिवस घालवणे घातक ठरते.

इतर रुग्णांच्या हाती काही हक्क आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. शस्त्रक्रियेची संमती पुरेशी माहिती देऊनच घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली बजावले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसरे मत घेण्याच्या हक्काचा समावेश आहे. परंतु हक्काच्या वाटेत कोण उभे राहते, हेही बंगळूरने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये खाजगी रुग्णालयांवर नियंत्रण आणणारे दुरुस्ती विधेयक येताच डॉक्टरांनी कर्नाटकात सेवा बंद ठेवल्या आणि विधेयक सौम्य होऊनच संमत झाले.

दुसरे मत घेण्याच्या हक्काला थांबण्याच्या हक्काची जोड नसेल, तर तो कागदावरच राहील. आजारपणाची पगारी रजा दुचाकीस्वारालाही मिळावी, विम्यात फिजिओथेरपीचा खर्च धरला जावा आणि सरकारी व कामगार विमा रुग्णालयांत व्यायामोपचाराची पुरेशी सोय व्हावी, या मागण्या कामगार संघटनांनी वेतन आणि कामाच्या तासांच्या मागण्यांच्या बरोबरीने मांडल्या पाहिजेत. तोवर ज्याला रजा आहे तो विचार करून निर्णय घेईल, आणि ज्याला रजा नाही त्याचा निर्णय त्याची मजुरी घेईल.