ताप, तपासणी आणि समाजाचा ठेवा

ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत तापाने फणफणलेला कामगार रुग्णालयात दाखल झाला, की बहुधा पहिल्याच दिवशी सलाईनमधून जबर प्रतिजैविक सुरू होते. जंतुदोष गंभीर असेल तर उशीर घातकच. परंतु औषधापूर्वी रक्त कल्चरसाठी घ्यावे, अहवाल येताच औषध नेमके करावे, आणि ताप डेंग्यू-मलेरियाचा निघाल्यास ते थांबवावे, ही शिस्त किती ठिकाणी पाळली जाते?

प्रतिजैविके हा समाजाचा सामाईक ठेवा आहे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनसाठी सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली, ती याच जाणिवेने. या ठेव्याच्या उधळपट्टीत नफा विक्रेत्याचा आणि किंमत मात्र पुढच्या रुग्णाची! औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज आहे.

दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. मृत्यूंची कारणे निरनिराळी होती. परंतु सार्वजनिक रुग्णालयांवरील असह्य भार तेव्हा सर्वांना दिसला. रोगजंतू एका खाटेवरून दुसरीकडे बहुधा हातांवाटेच जातात. परिचारिका अपुऱ्या असतील, तर प्रत्येक रुग्णागणिक हात धुण्यास त्यांना उसंत कोठून मिळणार?

म्हणून महापालिकांच्या अर्थसंकल्पावेळी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात : अहोरात्र मोफत कल्चर-तपासणी, पुरेशा परिचारिका आणि जंतूंच्या औषध-प्रतिकाराचा जाहीर वार्षिक अहवाल. नव्या इमारतींइतकाच हाही आरोग्याचा खर्च आहे.