बोअर कोणी ठरवले? उजनीकाठ, शस्त्रपरवाना आणि .२२ चे पिस्तूल (धागा)

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की करमाळा तालुक्यातील कुगावच्या इनामदार वाड्याच्या भिंती उघड्या पडतात, पळसदेवचे पळसनाथ मंदिर वर येते आणि छायाचित्रांचा पूर लोटतो. मग जुन्या शस्त्रांची चर्चा निघते आणि एक विधान हमखास येते: सरकारने घातक बोअर बंद केले, निरुपद्रवी तेवढे जनतेला ठेवले. हे विधान चूक आहे. ही चूक केवळ इतिहासाची असती तर सोडून देता आली असती. पण करमाळा-माढ्याच्या एखाद्या मुलीला पिस्तूल नेमबाजी करावीशी वाटली, तर तिच्या वाटेत हाच गैरसमज आडवा येतो.

आधी घातकपणाचे पाहू. भारतात सामान्य परवान्यावर .३१५ बोअरची रायफल मिळते. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. गोळी पंधरा ग्रॅमहून जड आणि मारा शेकडो मीटरचा. याउलट ९ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस झाडणारे पिस्तूल निषिद्ध वर्गात मोडते, जरी त्याची गोळी याच्या निम्म्या वजनाची आणि ऊर्जा कितीतरी कमी असली तरी. घातकपणाच्या मोजपट्टीवर ही वर्गवारी टिकत नाही.

खरे कारण १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत उघडपणे लिहिलेले आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यात बसेल ती रायफल निषिद्ध; .३८०, .४५५, ९ मिलिमीटर किंवा .४५ चे सैनिकी काडतूस ज्यात बसेल ते पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर निषिद्ध. कसोटी एकच: छावणीतून चोरलेले काडतूस या नळीत चालेल काय? २०१६ च्या नियमांनीही ही चौकट मोडली नाही.

ही कसोटी स्वतंत्र भारताने शोधलेली नाही. १८५७ नंतर देशी पायदळाला एनफिल्डची जी आवृत्ती देण्यात आली, तिच्या नळीतील पेचदार चऱ्या मुद्दाम काढून टाकलेल्या होत्या. शिपायाचा नेम साहेबाच्या नेमाइतका लांब जाऊ नये म्हणून. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना सूट दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात बंद झाल्या, कारण त्यांची गोळी बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल ही धास्ती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४६५ आणि .४७० ची नवी काडतुसे काढली. वाघाला अर्थातच फरक जाणवला नसावा. पुढे इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली .४१० च्या एकबारी, गुळगुळीत नळीच्या मस्केटी करून पोलीस-पहारेकऱ्यांच्या हाती देण्यात आल्या. आपल्याच पहारेकऱ्यावर विश्वास नसलेल्या राजवटीची ही तांत्रिक भाषा आहे.

आता पिस्तुलाकडे. रायफलचे काडतूस झाडणारी आखूड पिस्तुले परदेशी चित्रफितींत झळकतात आणि इकडचे तरुण त्यांची स्वप्ने पाहतात. ती स्वप्ने सैनिकी काडतुसाच्या अटीपाशीच थांबतात, आणि छंदाच्या दृष्टीने त्यात फारसे नुकसान नाही. पिस्तुलासाठी निवडण्याजोगे रायफलचे काडतूस एकच: .२२ लाँग रायफल. १८८७ पासूनचे, रिमफायर, धक्का नगण्य, आवाज बेताचा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांग येथे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले ते याच काडतुसावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले तेही याच काडतुसावर.

काडतूस एक, पण कायदा बराच काळ दोन. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे मूळ कलम १३, पोटकलम ३ पाहावे. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी .२२ ची रायफल मागत असेल तर परवाना द्यावा, असे तेथे स्पष्ट म्हटले होते. पिस्तुलाचा उल्लेख नव्हता. ते ‘अन्य प्रकरणां’त जात असे आणि सबळ कारण पटवून देण्याचे ओझे अर्जदारावर येत असे. २०१६ च्या नियमांत नेमबाजांसाठी निराळ्या तरतुदी आहेत खऱ्या, पण त्यांचा रोख स्पर्धेत नाव कमावणाऱ्यांकडे. आठवड्यातून एकदा कागदी लक्ष्यावर हात बसवू पाहणाऱ्याकडे नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: पिस्तूल लपवता येते. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग लंडनहून लपूनछपून आलेल्या पिस्तुलांपैकीच होते. आक्षेप मान्य, परंतु तो लांबीचा आहे, बोअरचा नाही. त्याचे उत्तर पिस्तूल क्लबच्या शस्त्रागारातच ठेवण्याच्या अटीत आहे. आणि हे शस्त्र उजनीच्या फुगवट्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांवर रोखता कामा नये, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने केव्हाच ठरवले आहे.

त्याच पोटकलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती लिहिली गेली तेव्हा धरण नव्हते आणि या काठावर ज्वारी होती. १९८० नंतर पाणी अडले, ऊस आला. शब्द तेच राहिले. ‘.२२ बोअर रायफल’ या शब्दांची मर्यादाही बराच काळ टिकली. २०१९ मध्ये याच कायद्यात बाळगण्याच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली गेली. त्याच दुरुस्तीने रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावासाठी केवळ .२२ च्या रायफलीऐवजी कोणतेही अग्निशस्त्र वापरण्याची वाट मोकळी केली.