बरगडीचा मुका मार : केव्हा थांबावे, केव्हा दवाखाना गाठावा?



२ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आपल्या वडनेर भोलजी येथे महामार्गाच्या कडेला शेडमध्ये झोपलेल्या मजुरांच्या अंगावर ट्रक गेला. मेळघाटातून रस्त्याच्या कामावर आलेली ती माणसे. काही दगावली, काही जखमी झाली. असा मोठा अपघात झाला की जखमींना कोणी घरी ठेवत नाही. घात होतो तो लहान वाटणाऱ्या माराने. मोटारसायकल घसरते, बैल शिंग मारतो, कापसाच्या गाडीवरून पाय निसटतो. वरून रक्त नाही, हातपाय शाबूत. मग 'मुका मार आहे, होईल बरा' म्हणून हळदीचा लेप लावायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे. कारण खाडा पडला की मजुरी बुडते.

म्हणून एवढे समजून घ्या. आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. साधी चीर गेलेली बरगडी बहुधा चार ते सहा आठवड्यांत आपोआप जुळते. तिला प्लॅस्टर लागत नाही. भीती बरगडीची नाही, तिच्या आतल्या अवयवांची आहे. वर फुप्फुसे व हृदय, खाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा, पाठीमागे मूत्रपिंडे. मोडलेल्या हाडाचे टोक फुप्फुसात घुसले तर छातीत हवा किंवा रक्त साठते. प्लीहा फाटली तर पोटात रक्तस्राव होतो, आणि तो कधी कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनीही उघड होतो.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नका. धाप लागणे किंवा ती वाढत जाणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळे पडणे, चक्कर येऊन घाम फुटणे व अंग गार पडणे. पोटात किंवा खांद्यात दुखणे, लघवीतून रक्त जाणे. श्वास घेताना छातीचा एखादा भाग आत ओढला जाणे, कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागणे. अशा वेळी १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. मार लागलेला नसताना छातीत दाटून येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हाही तेच करा.

म्हातारी माणसे, दम्याचे रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे व गरोदर भगिनी यांनी साध्या मारासाठीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांची हाडे लवचीक असतात. बरगडी न मोडताही आतले फुप्फुस दुखावू शकते, म्हणून त्यांनाही दाखवावे.

यांपैकी काही नसेल आणि डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितले असेल, तर दोन गोष्टी टाळा. छाती उपरण्याने किंवा पट्ट्याने आवळू नका. पूर्वी तशी रीत होती, पण त्याने श्वास उथळ होतो, कफ साचतो व न्यूमोनिया होऊ शकतो. दुखऱ्या जागी मालीशही नको. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवा. दुखणे थांबवण्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, म्हणजे खोल श्वास घेता येईल. जागे असताना दर तासाला दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्या. खोकताना उशी छातीशी धरा. बिडी बंद ठेवा. काही दिवसांनी ताप आला, पिवळा-हिरवा कफ पडू लागला किंवा दुखणे वाढले, तर पुन्हा दाखवा. एक्स-रेमध्ये बारीक चीर दिसतेच असे नाही. 'फोटो साफ आला' म्हणून लगेच पोती उचलू नका.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केलेले आहेत. अपघात म्हटला की पोलीस येतील, या भीतीनेही थांबू नका. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जखमीचा जीव वाचवणे आधी, कागदपत्रे नंतर.

शेवटी एक नाजूक गोष्ट. काही माता-भगिनी दुखरी बरगडी घेऊन येतात आणि 'पायरीवरून पडले' म्हणतात. घरात मार बसला असेल तर डॉक्टरांना खरे सांगा, म्हणजे उपचार नेमके होतील. मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शेजारणीने सोबत जावे, लाजू नये.

बुडालेली मजुरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. श्वासाला मात्र उद्याचा वायदा चालत नाही.