बंगालच्या उपसागराचा गोड्या पाण्यावरचा हक्क

के. एल. राव यांनी 1972मध्ये गंगा-कावेरी जोडकालव्याची योजना मांडली. तेव्हापासून नदीजोडाच्या आराखड्यांच्या बुडाशी एक गृहीतक आहे: पावसाळ्यात समुद्राला मिळणारे पाणी फुकट जाते. 1980च्या राष्ट्रीय आराखड्यात ते होते, डिसेंबर 2024मध्ये केन-बेतवा प्रकल्पाची पायाभरणी झाली तेव्हाही होते. कोकणचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याच्या आपल्याकडच्या चर्चेतही ते कानी पडते. मराठवाड्याची तहान खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण समुद्राला या पाण्याचा काहीच उपयोग नाही, हे विधान समुद्रविज्ञानाने गेल्या चाळीस वर्षांत खोडून काढले आहे.

भारताच्या दोन्ही बाजूंचे समुद्र एकाच अक्षांशांवर पसरले आहेत. तरी पावसाळा ऐन भरात असताना अरबी समुद्र निवतो आणि बंगालचा उपसागर तापलेलाच राहतो. याचे निम्मे उत्तर वाऱ्यात आहे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य वारे इतके जोरकस असतात की वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते, खालचे गार पाणी वर येते आणि खुल्या समुद्रातलेही थर ढवळून निघतात. उरलेले उत्तर मिठात आहे. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरच्या एक किलो पाण्यात सुमारे 36 ग्रॅम क्षार असतात. उपसागरात एकट्या गंगा-ब्रह्मपुत्रेचे वर्षाला सुमारे 1,000 घन किलोमीटर पाणी उतरते. इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा आणि थेट समुद्रावर कोसळणारा पाऊस वेगळाच. पावसाळा सरेपर्यंत उपसागराच्या उत्तर भागातली क्षारता 30 ग्रॅमच्याही खाली येते. गोडे पाणी हलके, म्हणून ते वरच राहते. खालच्या जड, खाऱ्या पाण्यात ते मिसळायला मोठा जोर लागतो आणि उपसागरावरचा वारा तेवढा जोर लावू शकत नाही. उन्हाची उष्णता मग वरच्या पातळ थरातच अडकते.

ही अडकलेली उष्णता आपल्याला पाऊस देते. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी 1984मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह दाखवून दिले, की समुद्राचा पृष्ठभाग साधारण 28 अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यावर पावसाळी ढगांचे मोठे समूह उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. उपसागर पावसाळाभर बहुतांशी या मर्यादेच्या वर असतो. तिथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशावरून आत सरकतात आणि पूर्व विदर्भातल्या धानाला पाणी देतात. 2002मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला आणि गोड्या पाण्याच्या थराचे महत्त्व ठळक झाले. पावसाने नद्या भरतात, नद्यांनी तो थर टिकतो आणि थराच्या उबेने पुन्हा पाऊस पडतो.

हे कळायला इतका उशीर का झाला? एडमंड हॅली यांनी 1686मध्ये मोसमी वाऱ्यांची उपपत्ती सांगितली, ती जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर उभी होती. क्षारतेला तिच्यात जागा नव्हती. 1872 ते 1876 या काळात समुद्रसंशोधनासाठी जगभर फिरलेले चॅलेंजर जहाज हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून गेले, आपल्या समुद्रांकडे वळले नाही. 1960च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढायला घेतली. तिच्यातूनच 1966मध्ये गोव्याची ती संस्था उभी राहिली.

हे पाणी उपसागरातच थांबते असेही नाही. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह ते श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या समुद्रात आणतो. तिथेही हलका थर तयार होतो आणि मे महिन्यापर्यंत तापमान 30 अंशांपर्यंत चढायला त्याची मदत होते. केरळात मोसमी पाऊस दाखल होण्याआधी तापणारा समुद्र तो हाच. पावसाळ्यात प्रवाह उलटतात आणि अरबी समुद्राचे खारे पाणी उपसागराकडे जाते.

मागे वळून पाहिले तर हा समतोल कायमचा नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, उन्हाळी मोसमी पाऊस क्षीण होता, नद्या कमी पाणी आणत होत्या आणि उपसागर आजच्यापेक्षा खारा होता. समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्मजीवांच्या कवचांत याची नोंद सापडते. या थराचा जाचही आहे: चक्रीवादळाला खालचे गार पाणी सहजी वर ओढता येत नाही, त्यामुळे त्याचे बळ टिकते. म्हणून जितके गोडे पाणी तितके चांगले, असे मी म्हणणार नाही.

पण सुमारे 174 अब्ज घनमीटर पाणी वळवण्याचा आराखडा हाती घेताना हा हिशेब टाळता येत नाही. व्ही. राजामणी आणि सहकाऱ्यांनी 2006मध्येच ‘करंट सायन्स’मधून नदीजोडाचा उपसागरावर काय परिणाम होईल हा प्रश्न विचारला होता. 2023मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी वेगळ्या वाटेने, जमिनीतल्या ओलाव्यातून, नदीजोडाचा परिणाम तपासला. आधीच कोरड्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस 12 टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्यांच्या प्रारूपात दिसले. तरी नदीजोडाचा विचार आजही खोऱ्यापुरताच होतो. पुढच्या कोणत्याही मोठ्या जोडप्रकल्पाला मंजुरी देण्याआधी उपसागराच्या क्षारतेवर त्याचा महिनावार परिणाम काय होईल हे तपासून जाहीर करणे सरकारवर बंधनकारक असले पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने आज हाताशी आहेत: समुद्रात खोलवर क्षारता मोजणारी आर्गो प्रकल्पाची तरंगती यंत्रे, नांगरलेले बोये आणि 2009पासून आकाशातून क्षारता मोजणारे उपग्रह.