गाडीखालचा तेलाचा डाग आणि एक अन्याय्य निकाल

जुन्या ब्रिटिश मोटारींविषयी एक विनोद हमखास सांगितला जातो : खाली तेलाचा डाग दिसला नाही, तर इंजिनातले तेल संपले असे समजावे. विनोद झकास आहे. त्यावरून त्या काळच्या कारागिरीला गचाळ ठरवणे मात्र इतिहासाला धरून नाही.

मूळ अडचण साधी आहे. क्रँकशाफ्ट तेलाने भरलेल्या पेटीत फिरतो, पण चाकांना गती द्यायची तर त्याचे टोक पेटीबाहेर काढावेच लागते. शाफ्ट बाहेर यावा आणि तेल आत राहावे, हे साधायचे कसे? १७१२ च्या न्यूकोमेनच्या वाफयंत्रात दट्ट्याभोवती चामडे असे आणि वरून पाणी सोडलेले असे. पुढे चरबीत भिजवलेली वाखाची दोरी ठासण्याची रीत रूढ झाली. मोटारीच्या वेगापुढे आणि उष्णतेपुढे दोरी जळे, चामडे कडक होई; आणि नैसर्गिक रबर तर खनिज तेलात फुगते.

म्हणून अनेक ब्रिटिश अभियंत्यांनी सीलच टाळले. शाफ्टच्या मागच्या टोकावर त्यांनी उलटे आटे कापले. शाफ्ट फिरू लागला की हे आटे बाहेर निघालेले तेल पुन्हा आत ढकलतात. कशाचा कशाला स्पर्श नाही, म्हणून झीजही नाही. इंजिन थांबले की पंपही थांबतो आणि चार थेंब खाली पडतात. पुढे अँबॅसडरमधून भारतभर फिरलेले १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन याच घराण्यातले. तो डाग म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पत्करलेली किंमत होती.

दुसरा मार्ग जर्मनीत निघाला, तोही चामड्याच्या धंद्यातून. वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग हा मुळात कातडी कमावण्याचा कारखाना. १९२९ च्या मंदीने त्याला नवा माल शोधायला लावले. तिथल्या वाल्टर सिमर यांनी धातूच्या कड्यात चामड्याची ओठासारखी कड बसवली. १९३० च्या दशकात तेलात न फुगणारे कृत्रिम रबर हाती आले आणि चामडे मागे पडले. जर्मन भाषेत अशा सीलला आजही ‘सिमरिंग’ म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. आजच्या सीलची रबरी कड बारीक स्प्रिंगने शाफ्टवर दाबलेली असते, पण ती कोरडी घासत नाही. तेलाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यावर तरंगते. कडेचा उतार तेलाच्या बाजूला तीव्र आणि हवेच्या बाजूला मंद ठेवलेला असतो. त्यामुळे निसटू पाहणारे तेल परत आत ओढले जाते. म्हणजे ज्या कल्पनेला हसायचे, तीच रबराच्या कडेत अदृश्य होऊन बसली आहे. फरक एवढाच की इंजिन थांबल्यावरही ही कड शाफ्टला चिकटून राहते.

सील बदलणे हे मात्र स्वस्त वस्तूचे महाग काम आहे. मागच्या सीलपर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागतात. जुने सील उपसताना शाफ्टवर ओरखडा उठला, तर नवेही गळते. जुन्या कडेने शाफ्टवर खाच पाडली असेल, तर त्यावर पातळ बाही चढवावी लागते. नव्या सीलची कड तेलाने ओली करून, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, ते सरळ रेषेत ठोकायचे असते.

आट्यांच्या इंजिनात तर बदलायला सीलच नसते. गळती वाढली, तर बेअरिंग झिजून शाफ्ट मध्यापासून ढळला आहे का, हे पाहावे लागते. त्याऐवजी जग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनाचे मूळ आटे घासून तिथे आधुनिक सील बसवण्याचीही सोय निघाली आहे. रोज चालवायच्या गाडीत ती समजण्याजोगी आहे. पण जतन म्हणून हाती घेतलेल्या इंजिनात हे करणे म्हणजे शिलालेख सुवाच्य व्हावा म्हणून तो नव्याने कोरणे होय. तिथे आधी ब्रीदर उघडून पाहावा. तो तुंबला असेल, तर पेटीतला दाब तेलाला बाहेर रेटतो, आणि त्यासाठी शाफ्टला हात लावण्याचीही गरज नसते.