काखेत उल्हास, कोलाडला वळसा
(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर एकच चर्चा रंगते, यंदा सहल कुठे न्यायची? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते. कोलाड! ठाणे, डोंबिवली, कल्याणहून भल्या पहाटे गाड्या भरून निघतात, कुंडलिका नदीत रबरी तराफ्यातून भिजतात आणि रात्री दमूनभागून परत येतात. जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. गेल्या वर्षी मीही गेले होते. परंतु ज्या कल्याणच्या पायाशी उल्हास, काळू आणि भातसा अशा तीन नद्यांचे पाणी येऊन मिळते, त्या कल्याणच्या मुलामुलींनी नदीत उतरण्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर दूर जावे, याला काय म्हणावे? ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण पूर्वजांनी बहुधा आपल्यासाठीच करून ठेवली असावी.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याच उल्हास नदीवर, ऐन उन्हाळ्यात, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने ट्यूबवरून तरंगत जाण्याची एक दिवसाची स्वस्त सहल सुरू व्हावी. कुणी म्हणेल, हे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत. मला तसे वाटत नाही. आजवर ज्यांना आपण काठावरच थांबवून ठेवले, त्यांना पाण्यात उतरवण्याचा तो एक सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

ट्यूबवरची जलसहल हा प्रकार नावाने नवा वाटला तरी आपल्याकडे तो मुळीच नवा नाही. फुगवलेल्या रबरी चकतीच्या मधोमध बसायचे, पाय पाण्यात सोडायचे आणि संथ प्रवाह नेईल तसे जायचे. वल्ही नकोत, इंजिन नको, ताकद नको. आमचे वडील मुरबाड रस्त्यावर एका पंक्चरच्या दुकानात कामाला आहेत. ट्रकच्या चाकातली निकामी झालेली ट्यूब ठिगळे लावून ते घरी आणीत आणि माझे दोघे भाऊ ती खांद्यावर टाकून रविवारी नदीवर जात. त्या काळ्या ट्यूबवरच ते पोहायला शिकले. आम्ही बहिणीही आईबरोबर गोधड्या धुवायला नदीवर जात होतो. पण आमच्या वाट्याला नदी आली ती घोट्याएवढी. ‘मुलीच्या जातीने पाण्याशी खेळू नये’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा शाळेत बाराखडीही म्हटली नसेल.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मी कोलाडला गेले. त्या एका दिवसाचा खर्च वडिलांच्या दोन दिवसांच्या कमाईपेक्षा जास्त होता, हे मी घरी सांगितले नाही. तिथे पहिल्यांदा मला कुणी लाइफ जॅकेट घालून दिले, त्याचे पट्टे ओढून पाहिले, ओढणी काढून ठेवायला सांगितली आणि पाण्यात पडल्यास पाय पुढे ठेवून पाठीवर तरंगायचे, उभे राहण्याची धडपड करायची नाही, हे दोनदा म्हणवून घेतले. खळाळ संपून संथ पाणी लागले तेव्हा वाटाड्या म्हणाला, “ज्यांना उतरायचे असेल त्यांनी उतरा.” मी उतरले. मला पोहता येत नाही. तरीही नदीने मला उचलून धरले. आमच्या गटातल्या सात मुलींपैकी एकीलाही पोहता येत नव्हते आणि सातही जणी पाण्यात होत्या. तेव्हा मला कळले की पट्टा, शिट्टी आणि वाटाड्या हा श्रीमंतांचा थाट नव्हे. भावांना जे स्वातंत्र्य एका फाटक्या ट्यूबने दिले, ते आम्हा मुलींना, आमच्या आयांना आणि पोहायला कधीच सवड न मिळालेल्या आमच्या वडिलांना या तीन गोष्टी देऊ शकतात.

आता कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी कुठून येते, ते पाहू. ते पाणी मुळात मुळशीचे आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात उतरते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. ज्या धरणासाठी मावळ्यांची शेते बुडाली आणि १९२१ साली ज्याविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी ज्यासाठी तुरुंग भोगला, तेच हे धरण. आपण ज्या लाटेवर आनंदाने ओरडतो, ती अशी कुणाच्या तरी घरादारावरून आलेली असते. सहलीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या खेळताना हेही कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

जे कुंडलिकेचे, तेच थोड्या फरकाने आपल्या उल्हास नदीचे. ती राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करीत कल्याणला येते. इथे काळू तिला मिळते, पुढे तिची खाडी होते आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्यावरून ती ठाण्याकडे वळते. याच खाडीत शिवरायांच्या आरमाराचा पाया घातला गेला, असे आपण इतिहासात वाचतो. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर आटतात, डबकी उरतात. उल्हास मात्र वाहत राहते. कारण घाटमाथ्यावरच्या आंध्रा खोऱ्यातले पाणी १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजगृहात उतरते आणि तिथून पेज नदीवाटे उल्हासला येते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात, पाऊस नसताना, पूर येण्याची भीती नसताना, आपल्या दाराशी एक वाहती आणि संथ नदी असते. ट्यूबवरून तरंगायला याहून योग्य काळ कोणता?

आणि आपण नदीवर जातो केव्हा? जुलैमध्ये! पहिला पाऊस पडला की धबधबे, ओढे, बंधारे यांवर झुंबड उडते. पाणी गढूळ, खोली कळत नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा पाच मिनिटांत खाली येतो. दर पावसाळ्यात बुडालेल्या तरुणांच्या बातम्या येतात आणि दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात. ते हुकूम आवश्यकच आहेत. पण नुसत्या मनाईने माणूस शहाणा होतो का? आमच्या चाळीतला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी असाच गेला. बारावीत होता. ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी तिथे होती आणि त्याला वाचता येत होते. येत नव्हते ते एवढेच, की बंधाऱ्याखाली फेसाळणारे पाणी माणसाला पुढे ढकलत नाही, आत ओढून घेते आणि तिथेच गरगर फिरवते. हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पाटी हे सांगत नाही. वाटाड्या सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी बुडण्यापासून बचावासाठी राखून ठेवला आहे. या संघटनेने सुचवलेल्या उपायांत शाळकरी मुलांना पोहणे, पाण्यातली सावधगिरी आणि बुडणाऱ्याला स्वतः न बुडता वाचवणे या गोष्टी शिकवण्याचा समावेश आहे. आपल्याकडे किती शाळांत हे शिकवतात? माझ्या शाळेत कवायत होती, लेझीम होते, पाणी नव्हते.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की अशा सहली म्हणजे दारू, धिंगाणा आणि अपघात. हे अगदीच खोटे नाही. लाओस देशातील वांग व्यंग या गावी नदीतून ट्यूबवर तरंगत जाण्याचा खेळ जगभरच्या तरुणांत प्रसिद्ध झाला. काठाकाठाने दारूची दुकाने उभी राहिली, उंच झोपाळ्यांवरून उड्या सुरू झाल्या आणि २०११ या एका वर्षात तिथे वीसहून अधिक प्रवासी दगावले. २०१२ साली तिथल्या सरकारने ते गुत्ते बंद पाडले. ट्यूब मात्र राहिल्या आणि शिस्तीत चालू लागल्या. यातून घेण्याचा धडा हाच, की घात ट्यूबने केला नव्हता. दारूने आणि बेबंदपणाने केला होता. उल्हासच्या सहलीचा पहिला नियम म्हणूनच असा हवा की ज्याने दारू घेतली त्याला ट्यूब मिळणार नाही, मग तो कितीही मोठ्या बापाचा असो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उल्हासचे पाणी आपण पितो. बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाखो लोकांच्या नळाला ते येते. त्यात पर्यटक सोडायचे का? मी उलट विचारते, आज त्यात काय काय सोडले जाते? नाले, कारखान्यांचे सांडपाणी, निर्माल्य, प्लॅस्टिक. वालधुनीची काय दशा झाली आहे हे पाहायला लोकलमधून नाकाला रुमाल लावून पाहिले तरी पुरे. उल्हासच्या पात्रातही उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दुरून सुंदर दिसतो, पण घाणीचे खतपाणी मिळाल्याशिवाय तो असा माजत नाही. ज्या नदीकडे कुणी पाहत नाही तिचे गटार करणे सोपे असते. ज्या नदीत आठवड्याला शंभर माणसे उतरतात, तिच्यात रात्री कुणी टँकर रिकामा केला तर सकाळी बोंब होते. माणसांनी तोंडात घेतलेले पाणी माणसे विसरत नाहीत. ट्यूबला इंजिन नाही, तेल नाही. खाणेपिणे काठावर, कचरा परत घरी, एवढे पथ्य पाळले तर नदीला तिचा भार होणार नाही.

तिसरा प्रश्न, हे करणार कोण? बाहेरच्या एखाद्या बड्या कंपनीने येऊन काठावर कुंपण घालावे आणि आपल्याकडूनच तिकीट घ्यावे, असे मला मुळीच वाटत नाही. नदी जाणणारी माणसे नदीकाठीच आहेत. कातकरी, ठाकर, कोळी आणि काठच्या गावांतले शेतकरी यांना कुठे डोह आहे, कुठे खडक आहे, हे पुस्तकावाचून ठाऊक असते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवासी रबरी बोटींतून आणि कमरेएवढ्या पाण्यातून सुखरूप बाहेर आले. त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा आणि नौदलाचा वाटा मोठा होताच. पण मदतीला धावलेल्या आसपासच्या गावकऱ्यांना विसरून चालणार नाही. अशा तरुणांना प्रथमोपचाराचे आणि जीवरक्षकाचे रीतसर शिक्षण द्यावे, दाखला द्यावा आणि सहलीची कमाई त्यांच्या गावात राहावी.

माझी सूचना अगदी लहान आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने आणि जिमखान्याने मिळून परवानगी काढावी व येत्या उन्हाळ्यात एक दिवस हा प्रयोग करावा. कर्जत ते बदलापूर या टापूतला दोन-तीन किलोमीटरचा शांत पट्टा गावकऱ्यांकडून पाहून घ्यावा. त्याचा शेवट कोणत्याही बंधाऱ्याच्या खूप अलीकडे असावा. वीजगृहाचे पाणी केव्हा वाढते याची चौकशी आधी करावी. दहा ट्यूबमागे दोन वाटाडे, एक पुढे आणि एक मागे. जॅकेट प्रत्येकाला, पोहणाऱ्यालाही. मुलींना कपडे बदलायला आडोसा असावा. एवढ्या साध्या गोष्टीवाचून कितीजणींची सहल घरीच राहते, हे संयोजकांच्या लक्षातही येत नाही. वर्गणी एवढीच असावी की पंक्चर काढणाऱ्याच्या मुलीला ती घरी सांगता यावी. सकाळी नदी, दुपारी काठावर झुणका-भाकर आणि संध्याकाळी तासभर त्याच काठाची सफाई.

माझी आई पंचेचाळीस वर्षांची आहे. तिचे सारे आयुष्य या नदीच्या काठी गेले आणि गुडघ्यापलीकडचे पाणी तिने कधी अनुभवले नाही. अशा आया आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. म्हणून विद्यार्थ्यांसाठी दहा ट्यूब ठेवल्या तर पाच ट्यूब पालकांसाठीही ठेवाव्यात, अशी माझी प्राचार्यांना आणि जिमखाना समितीला विनंती आहे. ट्यूबचा खर्च फारसा येणार नाही. ठिगळे लावून द्यायला आमचे वडील तयार आहेत.