समीक्षेच्या मुंबईला रविवार नसतो

महानगरीय साहित्यावरचा कोणताही शोधनिबंध उघडून पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लोकलगाडी येतेच, आणि तीही नेहमी एकाच वेळी : सकाळी साडेआठला, दाराला माणसे लोंबकळत. मग तिच्यातून ओळीने शब्द उतरतात : यांत्रिकता, परात्मता, तुटलेपण, गर्दीतले एकाकीपण. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. हे शब्द आम्ही वर्गात सांगितले आहेत आणि उत्तरपत्रिकांत त्यांना गुणही दिले आहेत. तेव्हा इथे जे म्हणणार आहोत ते आमच्यावरही उलटते, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे असे : मराठी समीक्षेने मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचे एक तयार रूपक करून ठेवले आहे, आणि ते हाताशी असल्यामुळे शहर पाहण्याची गरजच तिला उरलेली नाही.

निमित्त गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारचे. तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आजी यांना घेऊन आम्ही ठाण्याहून निघालो. लोकल, बस आणि लाँच यांखेरीज दुसरे वाहन करायचे नाही, एवढेच ठरले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ज्या ठाण्याला आली, तिथूनच उलट दिशेने जायचे, ही आमची पुस्तकी हौस. मुलीला हवी होती खिडकी. रविवार असल्याने ती मिळालीही.

दादरला उतरून पूर्वेकडच्या बसथांब्यावर गेलो. मुलीने विचारले, "दादर टी.टी. म्हणजे काय?" आम्ही आयुष्यभर हा शब्द वापरत आलो, पण दोघांनाही चटकन सांगता आले नाही. आजी म्हणाल्या, "अगं, ट्राम टर्मिनस. इथे ट्राम वळायची." मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. आजी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. ट्राम गेली, रूळ गेले, पण साठ वर्षांनंतरही लोक ते नाव उच्चारतात. भाषा शहराची स्मृती कशी जपते यावर आम्ही व्याख्याने दिली आहेत. उदाहरण मात्र थांब्यावर उभे राहिल्यावर सापडले.

बस परळ, लालबागवरून भायखळ्याकडे निघाली आणि आजी बोलू लागल्या. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते. कोणता भोंगा कोणत्या गिरणीचा, हे त्यांना आवाजावरून कळे. एका उरलेल्या चिमणीकडे बोट दाखवून त्यांनी आपली चाळ कुठे होती ते सांगितले. आता तिथे काचेचा टॉवर आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाविषयी आम्ही काही सांगू लागलो, तर मुलीने मध्येच विचारले, "आजी, तुझे बाबा सुट्टीच्या दिवशी काय करायचे?"

हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेतही तो नव्हता.

आजी म्हणाल्या, "सुट्टीला आम्हा सगळ्यांना ट्रामनं राणीच्या बागेत न्यायचे. कधी चौपाटीला. आई डब्यात चपात्या घ्यायची. येताना बाबा मुद्दाम लांबची ट्राम पकडायचे, म्हणायचे, तेवढीच मुंबई बघून होते."

आता संभाव्य आक्षेप. खिडकीतून शहर पाहण्याची ही हौस म्हणजे मध्यमवर्गीय चोचला आहे, असे काही मित्र म्हणतील. ज्याला रोज धक्के खात जावे लागते, त्याला शहर 'पाहायला' सवड कुठली? आक्षेप पोकळ नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्या पुलावर उभे राहून निवांतपणाचे गोडवे गाणे हा निर्लज्जपणा ठरेल, आणि आम्ही ते गात नाही. साडेआठची गाडी खरी आहे. पण ती एकटीच खरी आहे, असे कोणी ठरवले? लांबची ट्राम पकडणारा तो गिरणी कामगार मध्यमवर्गीय नव्हता. त्याचा रविवार त्याच्यापासून गिरणीमालकाने जितका हिरावला, तितकाच तो समीक्षेनेही हिरावला आहे. कामगाराने सोसावे, फार तर बंड करावे. त्याने कुतूहलाने शहर पाहिले, मुलांना दाखवले, ही गोष्ट आमच्या संज्ञांत बसत नाही म्हणून आम्ही ती नोंदवलीच नाही. याला सहानुभूती म्हणायचे की अपमान?

दुपारी हार्बरच्या गाडीने डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर गेलो. हे भाऊ म्हणजे धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ऊर्फ भाऊ रसूल. मोऱ्याला जाणाऱ्या लाँचची वेळ विचारली, तर उत्तर मिळाले, "ओहोटी आहे. पाणी चढलं की सुटेल." ओहोटी मोठी असली की मोऱ्याच्या बाजूला गाळामुळे लाँच लागू शकत नाही. महानगराच्या यांत्रिक कालभानावर आम्ही जे काही शिकवत आलो, ते सगळे त्या वाक्यापाशी अडखळले. याच शहराचे एक वाहन आजही चंद्राच्या वेळापत्रकावर चालते, आणि भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका त्या हिशेबाने निमूट बसून होत्या.

मराठीत हे पाहणे नव्हतेच असे नाही. आगगाडी सुरू होऊन दहाच वर्षे झाली असताना, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले, ते कुतूहलाच्याच बळावर. सुर्व्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ' आहे. त्या नावाचा आम्ही गौरव करतो आणि विद्यार्थ्यांना मात्र ग्रंथालयात पाठवतो. अरुण कोलटकर वर्षानुवर्षे वेसाइड इनमध्ये बसून काळा घोड्याचा तोच चौक पाहत राहिले. या तिघांनी आधी पाहिले. आम्ही मात्र त्यांच्या पुस्तकांतही आमचेच रूपक शोधत बसलो.

आणि पाहण्यासारखे जे आहे ते थांबून राहणारे नाही. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या, आज तीन हजारही नाहीत. जुन्या डिझेलच्या दुमजली बसची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. आजींसारखी माणसेही किती दिवस खिडकीशी बसून सांगत राहतील?

म्हणून आमची मागणी साधी आहे. महानगरीय जाणिवेवर लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने, आणि त्याआधी त्याच्या मार्गदर्शकाने, घरातले एक म्हातारे माणूस आणि एक मूल सोबत घेऊन एक रविवार बसमध्ये काढावा. मग खुशाल परात्मतेवर लिहावे. एखादे वेळी तीही अधिक खरी उतरेल.

परतताना ठाण्यापर्यंत आजी झोपल्या होत्या. मुलगी स्थानकांची नावे मोठ्याने वाचत होती. करी रोडला तिने विचारले, "हा करी कोण?" उत्तर आम्हाला अजून शोधायचे आहे.